‘हे’ आणि ‘दादा’

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्यांचं वय ४७. पती एसटीत कंडक्टर होते. गेल्या वर्षी ५४व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. धाकटे दीर शिक्षक आहेत. वडील वारले तेव्हा ते आठ वर्षांचे होते, त्यांना या दादानेच वाढवलं. प्रथम पुण्यस्मरणाच्या कार्यक्रमासाठी आणि पेपरातल्या जाहिरातीसाठी मजकूर त्यांनीच लिहिला आहे: कर्तव्यदक्ष, निर्व्यसनी, पितृतुल्य बंधू.

ताई लिहितात, ‘मावशी, वाचून मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. निर्व्यसनी कसे? यांची तंबाखूची डबी अजून माझ्या उशाशी आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दिराच्या डी.एड.च्या फीसाठी माझ्या माहेरच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या कधी सुटल्या नाहीत आणि दिराला हे माहीतही नाही. सगळ्या मजकुरात मी फक्त शेवटी, शोकाकुल परिवारात. यांच्यावर जास्त हक्क कोणाचा? गेलेल्या माणसावरून असा हिशेब करणारी मी वाईट आहे का?’

ताई,

तुम्ही वाईट नाही. चार पानांत तुम्ही त्यांचं नाव एकदाही घेतलेलं नाही. सगळीकडे ‘हे’, ‘यांनी’, ‘यांचं’. दिरांच्या मजकुरात मात्र ओळीओळीला ‘दादा’. मी दोन्ही पुन्हा पुन्हा वाचलं आणि वाटलं, ही दोन वेगळी माणसं आहेत. दिरांच्या दादाला कधी थकवा येत नाही. तुमचे ‘हे’ मुक्कामी गाडी करून सकाळी घरी येतात, बूट न काढताच पायरीवर बसतात आणि तळहातावर तंबाखू मळत ‘जरा गप्प बसू दे’ म्हणतात. नऊ वर्षांनी लहान भावाला तो थकवा दिसत नव्हता, कारण त्याला तो दिसू नये याची काळजी तुमचे हे घेत होते. तुमच्यापुढे ती गरज त्यांना वाटली नाही. मला हा मोठा मान वाटतो, ताई, जाहिरातीतल्या कुठल्याही विशेषणापेक्षा मोठा.

हक्काचं विचारलंत म्हणून आकडेमोड करून पाहिली. ५४ वर्षांपैकी पहिली नऊ सासूबाईंकडे आहेत. पुढची एकवीस दिरांकडे. शेवटची चोवीस तुमच्याकडे. पूर्ण माणूस कोणाकडेच नाही. सतरा वर्षांच्या मुलाने कॉलेज सोडलं, त्या दिवशी तो घरी येऊन काय बोलला हे तुम्हाला माहीत नाही; दिरांना कदाचित माहीत असेल. आणि ड्युटीवर निघताना देवापाशी क्षणभर थांबून ते काय पुटपुटायचे, हे दिरांना कधीच कळलेलं नाही.

माझे वडील गेल्यावर आत्याने सांगितलं की लहानपणी ते विहिरीच्या काठावरून सूर मारायचे. आम्ही भावंडं त्यांना पाण्याला भिणारा माणूस समजत होतो, कारण आम्हाला घेऊन ते कधी नदीत उतरले नाहीत. असं का झालं ते आत्याला विचारायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी तीही गेली. म्हणून म्हणते, सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा. या आठवड्यातच. एखाद्या दुपारी त्यांच्या केसांना तेल लावायला बसा आणि लहानपणी हा कसा होता ते विचारा. त्या एकच गोष्ट तीनदा सांगतील. तिसऱ्यांदाही ऐका, कारण तेव्हा काहीतरी नवीन निघतं.

आता पाटल्यांचं. दिरांना सांगावं की नाही, असं तुम्ही दोनदा विचारलंय, म्हणजे गेली वीसहून अधिक वर्षं ते मनातच आहे. सांगा. कार्यक्रमात नको, जाऊबाईंसमोर नको आणि मजकुरावरून वाद चालू असताना तर नकोच. तेव्हा सांगितलंत तर दिरांना ती उधारीची मागणी वाटेल. कार्यक्रम होऊ द्या. मग एकदा ते एकटे आले की चहा ठेवा आणि पत्रात मला जसं सांगितलंत तसंच सांगा: सराफाच्या दुकानाबाहेर हे किती वेळ उभे राहिले, घरी येऊन जेवले नाहीत, रात्री दिवा मालवल्यावर ‘सोडवीन’ एवढंच म्हणाले. यात दिरांवर आरोप नाही, त्यांच्या दादाची त्यांना ठाऊक नसलेली एक रात्र आहे. ती त्यांना मिळायला हवी. आपण शिक्षक झालो त्यामागे दादाबरोबर वहिनीही होती, हेही त्यांना कळायला हवं. ते रडतील बहुधा. रडू द्या.

मजकुरात दोन बदल मात्र आत्ताच सांगा, स्पष्टपणे. ‘निर्व्यसनी’ काढायला लावा. डेपोतली माणसं येणार आहेत, त्यांच्यातल्या निम्म्यांनी त्या डबीतली चिमूट घेतली असेल. आणि तुमचं नाव परिवाराच्या गर्दीत नको, त्यांच्या नावाशेजारी हवं, चोवीस वर्षांच्या सहजीवनाच्या उल्लेखासह.

न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले. त्यांच्या सार्वजनिक कामाबद्दल लिहिणारे पुष्कळ होते. रमाबाईंनी १९१० मध्ये आपल्या आठवणी छापल्या, आणि घरातला माणूस आपल्याला कळतो तो त्यांच्यामुळे: अकरा वर्षांच्या बायकोला स्वतः बसून अक्षरं शिकवणारा, आणि घरातल्या बायकांचा त्यावरचा राग रोज पाहणारा. नऊ वर्षं गेली होती, तरी त्यांना ते सगळं सांगावंसं वाटलं. तुम्हाला पुस्तक लिहायचं नाही, दोनशे पानी वही पुरे. तारीखवार नको, आठवेल तसं लिहा. त्यांच्या खोडी लिहा, भांडणं लिहा. सुट्या पैशांवरून प्रवाशाशी वाद झाला की घरी येऊन दोन्ही बाजूंचं बोलणं ते कसं करून दाखवायचे, ते तर लिहाच. पत्रातला तो भाग वाचताना मला त्यांचा आवाज ऐकू आला.

आवाज विसरत चालला आहे म्हणून तुम्ही घाबरला आहात. त्यांचा फोन अजून कपाटात आहे ना? मुलाला सांगून व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्यांचे आवाजाचे मेसेज आणि व्हिडिओ आजच दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. नंबरचं रिचार्ज थांबलं की काही महिन्यांनी तो बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो, हेही लक्षात असू द्या. दिरांच्या आणि डेपोतल्या मित्रांच्या फोनमध्येही काही ना काही असेल. मागून घ्या.

फोटोला हार तुम्ही घालायचा नाही, असं चुलतसासूबाईंचं म्हणणं आहे. तुम्ही घाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. कोणी अडवलं तर एवढं सांगा. ते नाही पटलं तर दिरांना शेजारी उभं राहायला सांगा. ते राहतील, असं मला त्यांच्या मजकुरावरूनच वाटतं.

आणखी एक सोय आहे. वर्षश्राद्ध तिथीने होतं. मध्ये अधिक महिना आला नसेल तर तिथी तारखेच्या साधारण अकरा दिवस आधी येते. म्हणजे दिवस दोन आहेत. तिथीचा दिवस दिरांना द्या: पिंडदान, पंगत, भाषणं, त्यांच्या मनासारखं होऊ द्या. दादासाठी त्यांना काहीतरी मोठं करायचंय, त्यांचाही बापच गेलाय. तारखेचा दिवस तुमचा. त्या दिवशी मुलाला घेऊन एसटीने त्यांच्या मुक्कामाच्या गावी जा. इतक्या रात्री ते जिथे झोपले ते गाव तुम्ही अजून पाहिलेलं नाही. गाडी थांबायची तिथलं चहाचं दुकान उघडं असेल, तिथे त्यांचं नाव सांगा. आणि त्या दिवशी तरी ते नाव तुमच्या तोंडून येऊ द्या.

शेवटी डबी ठेवू की टाकू, असं विचारलंत. ठेवा. ती अ‍ॅल्युमिनियमची आहे म्हणालात, तर त्यातला चुना काढून ती कोरडी पुसून घ्या. ओला चुना राहिला तर तो डबी आतून खातो. तंबाखूच्या बाजूला हात लावू नका, वास तसाच राहू द्या.

तुमची,
मावशी