'तृतीय स्मृती' की 'तृतीय धारणा'?

फ्रेंच तत्त्वज्ञ बेर्नार स्तिग्लेर (१९५२–२०२०) यांनी वही, छायाचित्र अशा वस्तूंत धरून ठेवल्या जाणाऱ्या गोष्टीसाठी वापरलेल्या 'रेतांस्यों तेर्स्येर' या संज्ञेला मराठीत 'तृतीय स्मृती' म्हणावे की 'तृतीय धारणा', असा प्रश्न एका अभ्यासकाने विचारला आहे. माझा कौल निःसंशय 'धारणा'ला आहे.

'रेतांस्यों'च्या मुळाशी लॅटिनमधला 'धरणे' या अर्थाचा धातू आहे आणि 'धारणा'च्या मुळाशी 'धृ'. आज 'माझी अशी धारणा आहे' या प्रयोगामुळे 'समज' हाच अर्थ आधी मनात येतो हे खरे. परंतु 'धारणाशक्ती' या शब्दात आणि शेतजमीन धारणेवर कमाल मर्यादा घालणाऱ्या १९६१ च्या कायद्यातही धरून ठेवण्याचा जुना अर्थ शाबूत आहे.

'स्मृती' अडचणीची ठरते ती जर्मन तत्त्वज्ञ एडमंड हुसर्ल यांच्यामुळे, कारण पहिली, दुसरी, तिसरी ही धारणांची मोजणी स्तिग्लेर यांनी त्यांच्यापासून पुढे नेली. सुरावट ऐकताना नुकताच विरलेला स्वर मनाने धरून ठेवलेला असतो, म्हणूनच पुढचा स्वर सुटा न वाटता सुरावटीतला वाटतो. ही पहिली धारणा, आणि तिला अजून आठवण म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी तीच सुरावट आठवते, ती दुसरी. पहिलीलाही 'स्मृती' म्हटले, तर हुसर्ल यांनी काळजीपूर्वक आखलेली रेघच पुसली जाते. वही, छायाचित्र, ध्वनिमुद्रिका यांत वस्तुरूपाने जे धरले जाते, ती स्तिग्लेर यांची तिसरी. एकच ध्वनिमुद्रिका दोनदा ऐकली, तर मुद्रण तेच असूनही ऐकणे बदलते. आधीची आठवण चालू ऐकण्याला घडवते, हे मुद्रणामुळेच उघड होते.

काहींनी सुचवलेला 'बाह्य स्मृती' हा पर्याय मला त्याहूनही चुकीचा वाटतो. १९९४ च्या ग्रंथात स्तिग्लेर ग्रीक पुराणातल्या एपिमेथिअसची कथा घेतात: त्याने सारे गुण प्राण्यांना वाटून टाकले, माणसासाठी काही उरले नाही, म्हणून त्याचा भाऊ प्रोमेथिअस याला अग्नी आणि कौशल्य चोरावे लागले. म्हणजे माणूस आधी पूर्ण होता आणि साधने त्याला मागाहून बाहेरून जोडली गेली, असे नाही; 'बाह्य' हे विशेषण मात्र नेमके तेच सुचवते. 'तृतीय' हा क्रमांकही केवळ मोजणीचा आहे, महत्त्व ठरवणारा नव्हे.

एक पथ्य मात्र पाळावे: ज्या लेखात ही संज्ञा वापराल, तेथे 'मत' या अर्थी 'धारणा' न लिहिता 'समज' किंवा 'मत' असेच लिहावे.