दसऱ्याला विट्यात की त्रिशूरला?

प्रश्न : ताई, आमचं मूळ गाव विट्याजवळ. मालकांचं त्रिशूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान आहे, सात वर्षं झाली. मुलगा तीन वर्षांचा झालाय. घरमालकीणबाई म्हणतात, विजयादशमीला त्याचा विद्यारंभम करू, मी मांडीवर घेते. सासूबाई म्हणतात, दसऱ्याला गावीच या, नातवाला रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत दाखवायचीय. वर 'आपल्या पोराची पहिली अक्षरं मल्याळी कशाला?' कुणाला दुखवू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तुझं पत्र वाचलं आणि मदुराईतलं आमचं पहिलं वर्ष डोळ्यांपुढं आलं. आमचंही गलाईचंच दुकान. नवरात्रात शेजारच्या मामींनी पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या, कोलूला बोलावलं. मी गेले नाही. घरी घट बसलेत, दुसऱ्यांकडं कशाला जायचं, असं वाटलं. संध्याकाळी त्याच सुंडल आणि हळदकुंकू घेऊन दारात आल्या. घट दिसला तशा चपला काढल्या, आधी घटाला हात जोडले, मग मला कुंकू लावलं. सांगलीला परत येऊन इतकी वर्षं झाली, तरी ते मनाला लागून राहिलंय. पुढच्या दसऱ्याला घटातलं उगवलेलं धान मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिलं.

विद्यारंभमला काय करतात, ते सासूबाईंना नीट सांग. ताटात तांदूळ पसरतात, पोराचं बोट धरून त्यात गिरवतात : 'हरि श्री गणपतये नमः'. आपणही श्रीगणेशाच गिरवत आलो ना? लिपी मल्याळी, देव तोच. केरळात चर्चमध्ये आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतही हा सोहळा होतो. या वर्षी त्रिशूरलाच राहा. शर्यत दरवर्षी असते, पहिलं अक्षर एकदाच. घरी आलात की पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढ, त्याच्या हातून फूल वाहून घे. त्या बाईंनाही बोलाव.

मला काळजी वेगळीच वाटते. माझी लेक मराठी बोलते, पण आजीची पत्रं तिला कधी वाचता आली नाहीत. दुकान, शाळा, शेजार सगळं तमिळ. मीही दमून तमिळच बोलायचे. चूक तमिळची नव्हती, माझी होती. तंजावरला गेलो, तेव्हा मोठ्या देवळाच्या भिंतीवर तिथल्या भोसले घराण्यातल्या सरफोजीराजांनी 1803 साली कोरून घेतलेला मराठी लेख बघितला. राजराज चोळाच्या देवळावर मराठी! तिथली मराठी घरं तीनशे वर्षांहून जास्त काळ तमिळ मुलखात राहूनही घरात मराठीच बोलतात. मला ते मदुराईत एका पिढीतही जमलं नाही. तू रोज रात्री अर्धा तास त्याच्याशी मराठीच बोल, गोष्ट वाचून दाखव, आजीला फोन लावून दे. वर्षातून एकदा शर्यत दाखवून हे भरून निघत नाही.

आणि हो, विद्यारंभमला बाळाच्या जिभेवर सोन्यानं अक्षर लिहितात. तुमच्या घरात सोन्याला तोटा नाही, पण दुकानातलं घेऊ नकोस. सासूबाईंना त्रिशूरला बोलाव. बोटातली अंगठी घेऊन या म्हणावं, आणि येताना गावची आपट्याची पानं.