ब्रॅम्प्टनचं बेसमेंट ठरवण्याआधी

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॅनडाचं पीआर (कायम राहायची परवानगी) हातात आलंय, नोकरी टोरांटोत युनियन स्टेशनजवळ, मुलगी 5 वर्षांची, आणि ब्रॅम्प्टनला "आपली माणसं" आहेत म्हणून तिथलं बेसमेंट, म्हणजे तळघरातलं भाड्याचं घर, फोनवरच पक्कं करायचंय. एवढ्यात करू नका.

ब्रॅम्प्टन टोरांटोत येत नाही. ते वेगळं शहर आहे, त्याची पालिका आणि शाळांचं बोर्डही वेगळं. 2021च्या जनगणनेत तिथले निम्म्याहून जास्त लोक दक्षिण आशियाई निघाले, पण त्यांत जोर पंजाब्यांचा. मराठी मोहल्ला म्हणावा असा टोरांटोच्या परिसरात कुठेच नाही. आपली मंडळी मिसिसागा, मिल्टन, स्कारबरो अशी पांगलेली; गाठ पडते ती मराठी भाषिक मंडळाच्या कार्यक्रमांना.

इथली रीतच तशी. एक समाज स्वस्त भाड्याच्या गल्लीत उतरतो, चार पैसे जमले की उपनगरात जातो, मागे दुकानं राहतात. 1847च्या आयरिश दुष्काळात जेमतेम 20,000 वस्तीच्या तेव्हाच्या टोरांटोत 38,000 लोक येऊन पडले. टोरांटोतलं केन्सिंग्टन मार्केट आधी ज्यूंचं होतं, मग पोर्तुगीज आणि कॅरिबियन आले. जुन्या चायनाटाउनचा बराच भाग नव्या सिटी हॉलसाठी पाडला, तेव्हा चिनी दुकानं स्पडायना रस्त्याकडे सरकली. आपल्याला दार खऱ्या अर्थाने उघडलं 1967च्या पॉइंट पद्धतीने, म्हणजे देश न बघता शिक्षण-कौशल्याला गुण देऊन माणसं घेण्याच्या नियमाने. 1972मध्ये जेरार्ड स्ट्रीटवर नाझ थिएटरात हिंदी सिनेमे लागू लागले आणि भोवती साड्या-मसाल्यांचा बाजार उभा राहिला. श्रीलंकेतल्या 1983च्या दंगलींनंतर आलेले तमिळ मुख्यतः स्कारबरोत स्थिरावले. तेव्हा नकाशावर 'इंडिया बझार' दिसलं म्हणून जेरार्डला भारतीय शेजार मिळेल असं समजू नका. तिथे रविवारी सामानाला जावं.

वस्तीच्या नावापेक्षा गाडी बघा. ब्रॅम्प्टनहून युनियनला गो ट्रेनची (उपनगरी रेल्वेची) किचनर लाइन आहे; स्टेशनपर्यंतची बस आणि गर्दीच्या वेळेबाहेरच्या फेऱ्या आधी तपासा. टीटीसीचं (टोरांटोच्या शहर बस-मेट्रोचं) भाडं प्रेस्टो या प्रवासी कार्डावर 3.30 डॉलर, 2 तासांत गाड्या कितीही बदला. फेब्रुवारी 2024पासून गो ट्रेनला जोडून घेतलेल्या बसचं किंवा टीटीसीचं भाडं वेगळं आकारत नाहीत. स्कारबरोची जुनी हलकी रेल्वे 2023मध्ये बंद पडली, त्यामुळे केनेडी स्टेशनच्या पुढे बसच. कार घेणार असाल तर विम्याचा दर पिनकोडवर ठरतो आणि ब्रॅम्प्टनचा चढा असतो. भाड्यात वाचलेले पैसे तिथेच जातात.

आता बेसमेंट. ब्रॅम्प्टनमध्ये एकाच घरात काढलेलं असं दुसरं बिऱ्हाड पालिकेकडे नोंदवावं लागतं, तेव्हा पत्ता घेऊन नोंद आहे का ते विचारा. आग लागली तर बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा दार हवंच. बेकायदा घर पालिकेने बंद केलं तर सामानासकट तुम्ही रस्त्यावर.

घरमालक नवख्यांकडे क्रेडिट हिस्टरी (कर्ज-उधारी फेडल्याची नोंद) नाही म्हणून 6 महिन्यांचं भाडं आगाऊ मागतात. ऑन्टारिओ प्रांतात (टोरांटो, ब्रॅम्प्टन दोन्ही त्यात) तसं मागता येत नाही. डिपॉझिट फक्त शेवटच्या महिन्याचं, तेही भाड्यात वळतं होतं. किल्लीची रक्कम परत मिळणारी आणि किल्लीच्या किमतीएवढीच. नोकरीचं पत्र आणि बँक स्टेटमेंट पुढे करा. करार सरकारी नमुन्यावरच करा. 15 नोव्हेंबर 2018नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या घरांना भाडेवाढीची सरकारी मर्यादा लागू नाही. चकचकीत नव्या कॉन्डोत इथेच फसगत होते: पहिलं वर्ष परवडतं, दुसऱ्या वर्षी आकडा ऐकून बोबडी वळते.

पहिला महिना टीटीसीच्या मेट्रोच्या लाइन 1 किंवा 2च्या स्टेशनजवळ तात्पुरती खोली घ्या आणि घरं प्रत्यक्ष बघा. न पाहिलेल्या घरासाठी भारतातून पैसे पाठवू नका, मध्यस्थ ओळखीचा असला तरी.

मुलीला शाळेत मराठी शिकता येईल का, असंही विचारलंत. ऑन्टारिओत 23 किंवा जास्त मुलांच्या पालकांनी लेखी मागणी केली तर शाळा बोर्डाला त्या भाषेचा वर्ग चालवावा लागतो. त्यासाठी ही मुलं एकाच बोर्डाची हवीत. आपण पांगलेले असल्याने गाडं अडतं ते तिथे.