भीमगीतांच्या शेवटी येणारा हा 'वामन' कोण?

तुम्ही विचारलंय की 14 एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, सोसायटीच्या मागच्या वस्तीत रात्रभर गाणी वाजतात आणि बऱ्याच गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' असं नाव येतं, तर हा वामन म्हणजे गायक, कवी की कोणी संत. प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं, कारण गाणी सगळ्यांना पाठ असतात पण शेवटच्या कडव्यापर्यंत कान देऊन ऐकणारे कमी.

तर हे वामन म्हणजे वामनदादा कर्डक. 15 ऑगस्ट 1922 ला नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावात जन्मले आणि 15 मे 2004 ला गेले. मी मनमाडचा, आमच्या घरात त्यांचं नाव नुसतं 'दादा' असं घेतलं जायचं, लहानपणी मला कितीतरी वर्षं ते आमच्या नात्यातलेच कोणीतरी वाटायचे.

आधी एक घोळ मिटवतो, कारण नेटवर पण खूप ठिकाणी दिसतो. भीमराव कर्डक वेगळे आणि वामनदादा कर्डक वेगळे. भीमराव आधीच्या पिढीतले, नाशिककडचेच, बाबासाहेबांच्या चळवळीत जलसा, म्हणजे गाणी आणि सोंगांमधून प्रबोधन करणारा कार्यक्रम, घेऊन गावोगाव फिरणारे. सत्यशोधकांच्या जलशातून आंबेडकरी जलसा आला, आणि त्या जलशानंतर जे सुटं गाणं आणि गायन पार्ट्या, म्हणजे भीमगीतं गाणारे वस्तीवस्तीतले गट, आल्या त्यात सगळ्यात मोठं नाव वामनदादांचं. आडनाव एकच म्हणून लोक दोघांचं एक करून टाकतात.

आता माणसाबद्दल. घरची गरिबी, शाळा नाही, लहानपण गुरं राखण्यात आणि आईबरोबर मिळेल ते काम करण्यात गेलं. मग मुंबई. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहायचे, गिरणीत काम केलं, कोळशाच्या वखारीत केलं, चिक्की विकली, सिनेमात काम मिळेल म्हणून स्टुडिओच्या दारात पण जाऊन आले. चाळीत समता सैनिक दलाचं, म्हणजे बाबासाहेबांच्या चळवळीतल्या स्वयंसेवक दलाचं, काम होतं त्यात पडले, पोरांना लेझीम शिकवायचे. आणि इथे ती गोष्ट येते जी त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगितली जाते, आणि मला पण तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. एक माणूस पत्र घेऊन आला आणि म्हणाला, मास्तर एवढं वाचून दाखवा. लेझीम शिकवतो म्हणजे मास्तर, म्हणजे वाचता येत असणार असं त्याला वाटलं. दादांना एक अक्षर येत नव्हतं. ते रडले. त्यानंतर देहलवी नावाच्या मास्तरांकडून बाराखडी शिकले आणि जोडाक्षरं दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले. वय विशीच्या आसपास.

आणि 3 मे 1943 ला त्यांनी पहिलं गाणं लिहिलं, एका हिंदी सिनेमातल्या गाण्याचं विडंबन. म्हणजे अक्षरओळख झाली आणि लगेच गाणं, मधे काही नाहीच. बाबासाहेबांना पहिल्यांदा पाहिलं ते पण 1943 मध्येच. त्यानंतर जवळपास साठ वर्षं हा माणूस लिहीतच राहिला. किती गाणी लिहिली याचा आकडा कोणी दहा हजारावर सांगतो. मी आकड्यात पडत नाही, कारण मोजदाद करायला सगळं एका जागी कधी नव्हतंच, गाणं लिहायचे आणि गावातल्या गायन पार्टीला देऊन पुढच्या गावाला निघायचे, वही कुठे राहिली कागद कुठे राहिला काही ठिकाण नाही.

म्हणूनच तुम्ही विचारलेलं ते 'वामन' महत्त्वाचं आहे. संतांच्या अभंगात 'तुका म्हणे' येतं, गझलेत शायर शेवटच्या शेरात नाव घालतो, तशी दादा शेवटच्या कडव्यात नाममुद्रा घालायचे. गाणं दुसरा गाणार, तिसरा कॅसेट काढणार, चौथा चाल बदलणार, छापील कागदावर कवीचं नाव असेलच असं नाही, पण कडव्यात गुंफलेलं नाव काढायला गेलं तर यमकच तुटतं. अर्थात कार्यक्रमात वेळ कमी पडला की शेवटचं कडवं गाळतात, मग नाव पण जातं आणि खाली 'पारंपरिक भीमगीत' असं लिहून मोकळे होतात. हे बघून मला फार वाईट वाटतं. साठ वर्षं एका माणसाने लिहिलंय, ते पारंपरिक कसं?

माझी आजी निरक्षर. तिला दादांची वीस-पंचवीस गाणी तोंडपाठ होती, भाकऱ्या थापताना म्हणायची, मी शाळेत जायला लागलो आणि पुस्तकातल्या कविता पाठ करायचो तेव्हा ती म्हणायची आता माझी ऐक. 'उद्धरली कोटी कुळे' हे तिने मला पहिल्यांदा शिकवलं, आमच्याकडे लग्नात, बारशात, कुठेही हे गाणं असतंच. पुढे मोठं झाल्यावर कळलं की दादांच्या गाण्यांची बांधणीच अशी आहे, मुखडा छोटा, शब्द रोजच्या बोलण्यातले, यमक घट्ट, एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा झील ओढता येते, म्हणजे मागून साथीला म्हणता येतं. ज्याला स्वतःला वीस वर्षं वाचता येत नव्हतं त्याला माहीत होतं की ऐकणाऱ्याच्या हातात कागद नसतो, त्याच्या डोक्यात राहिलं तरच ते राहिलं.

पण ते नुसते गुणगान करणारे कवी होते असं समजू नका, आज डीजेवर जी चार-पाच गाणी वाजतात त्यावरून तसा गैरसमज होतो. 'सांगा आम्हाला बिर्ला, बाटा, टाटा कुठं हाय हो' हे त्यांचंच, पुढे सरळ विचारलंय की धनाचा साठा कुठाय आणि आमचा वाटा कुठाय. जातीबरोबर पैशाचा, जमिनीचा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही. बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांचा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, पुढे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून नामांतराचा लढा झाला जो 1978 पासून 1994 पर्यंत चालला, या सगळ्या वर्षांत सभेआधी गर्दी जमवायचं आणि गर्दीला धरून ठेवायचं काम गायन पार्ट्यांनी केलं आणि त्यांच्या तोंडी गाणी बहुतेक दादांची.

आणि 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते' हे तर मला त्यांचं सगळ्यात धाडसी गाणं वाटतं. बघा ना, ज्या लोकांसमोर गायचं त्यांनाच सुनावतात की बाबासाहेबांच्या मताचे तुमच्यात पाचसुद्धा नाहीत. 1956 मध्ये बाबासाहेब गेले, मग रिपब्लिकन पक्ष झाला आणि फुटत फुटत त्याचे गट झाले, तो सगळा राग आणि दुःख या एका ओळीत आहे. लोक ते गाणं टाळ्या वाजवत ऐकतात, माझे वडील मात्र ते लागलं की खाली बघत बसायचे.

त्यांचं स्वतःचं आयुष्य सोपं नव्हतं. पहिला संसार मोडला, मुलगी मीरा लहानपणीच गेली. सिनेमासाठी, तमाशासाठी पण लिहिलं पण पैसा कधी साठला नाही. आयुष्यभर लोकांच्या घरी उतरायचे, तिथल्या पोरांना बसवून गाणं शिकवायचे, आज महाराष्ट्रभर जे म्हातारे गायक स्वतःला दादांचा शिष्य म्हणवतात ते असेच तयार झालेत.

कुठून सुरुवात करू असं पण विचारलंय तुम्ही, तर त्यांच्या गाण्यांचे संग्रह आहेत, 'वाटचाल' 1973 चा, नंतर 'मोहळ' आणि 'हे गीत वामनाचे', एखाद्या जुन्या वाचनालयात बघा. पण माझं ऐकाल तर आधी पुस्तक नको. येत्या 14 एप्रिलला खिडकी लावून घेऊ नका, खाली जा, डीजेजवळ नाही तर जिथे हार्मोनियम-ढोलकीवर गायन पार्टी बसलेली असते तिथे बसा आणि 'तुफानातले दिवे' म्हणा अशी फर्माईश करा. शेवटच्या कडव्यासकट म्हणा असं मुद्दाम सांगा.