सत्तरच्या दशकाच्या शेवटचं जुनं पिनबॉल मशीन घरी दुरुस्त करताना मूळ सर्किट बोर्ड ठेवावा की नवा बसवावा? एलईडी दिवे लावावेत का?

हा वाद आमच्या घरात सहा वर्षं चालू आहे, म्हणून उत्तर लिहायला बसलो. मेव्हण्याने वाचलं तर बरंच होईल.

मशीन कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. सत्तरच्या दशकाचा शेवट म्हणताय आणि ‘बोर्ड’ म्हणताय, म्हणजे त्याआधीचं, नुसत्या विजेच्या रिले-स्विचांवर चालणारं नसावं. माझं बॅली कंपनीचं ‘एट बॉल’ आहे, १९७७ चं. अशी वीस हजारांवर मशिनं निघाली, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. शिकागोत बेल्मॉन्ट अ‍ॅव्हेन्यूवरच्या कारखान्यात ते बनलं आणि चाळीस वर्षांनी शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलपासून अर्ध्या तासावरच्या एका गॅरेजमध्ये बंद अवस्थेत मला सापडलं. साडेचारशे डॉलर दिले. इचलकरंजीत लहानपणी शेजाऱ्यांकडे बॅगाटेलचा लाकडी बोर्ड होता, खिळे ठोकलेला. दांडा ओढून गोळी सोडायची. माझा नंबर यायचा आणि नेमकी तेव्हाच आई जेवायला हाक मारायची. ते साडेचारशे डॉलर त्याचे आहेत असं समजा.

वरचा डबा उघडला तर मुख्य बोर्डावर हिरवी बुरशी. यात नवल काही नाही. हाय स्कोअर लक्षात राहावा म्हणून बॅलीने ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट बोर्डावरच डाख देऊन बसवली होती. ती पाझरते आणि तांबं खात जाते. मेव्हणा आला, मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, “दाजी, हा टाका. नवा मिळतो, दहा मिनिटांचं काम.”

मी मागवाल्याचा मुलगा. वडील आयुष्यभर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. माग बिघडला म्हणून माग बदलणारा माणूस मी गावात बघितला नाही. म्हटलं, बघतोच.

बॅटरी कापली. व्हिनेगर-पाण्याने बोर्ड घासला, मग साध्या पाण्याने, मग अल्कोहोलने. जिथे तांबं काळं पडलं होतं तिथे ते चकचकीत होईपर्यंत खरवडलं. चिपांची सॉकेटं उपटून नवी लावली, तुटलेल्या चार-पाच रेघांवर वायरी टाकल्या. थंडीचे दोन महिने गेले. मग चालू केलं.

या बोर्डावर एक छोटा लाल दिवा असतो. सुरुवातीला तो क्षणभर थरथरतो आणि मग सात वेळा लुकलुकला पाहिजे. प्रत्येक लुकलुक म्हणजे एक चाचणी पास: मेमरी, चिपा वगैरे. माझा सहा वेळा लुकलुकला आणि थांबला. रात्रीमागून रात्री, सहा. मी संशयित आधीच ठरवून ठेवला होता, हाच बोर्ड, बुरशीवाला. चिपा बदलल्या, डाख परत मारले. सहाच.

तेवढ्यात दुसरी दिवाळी आली. भाऊबीजेला मेव्हण्याने बहिणीच्या ताटात साडीऐवजी पुठ्ठ्याचा खोका ठेवला. आत नवा कोरा बोर्ड. बायकोने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. फराळ तसाच ठेवून आम्ही दोघं बेसमेंटमध्ये. दहा मिनिटांत बोर्ड बसला, तेवढं त्याचं खरं निघालं. चालू केलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

पुढे काही नाही.

सातवी लुकलुक बोर्डाची नसतेच मुळी. गोळी फेकणाऱ्या, फ्लिपर हलवणाऱ्या कॉइलींना लागणारे ४३ व्होल्ट बोर्डापर्यंत पोचले की ती होते. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, मी वाचलेलंही होतं, पण गुन्हेगार ठरलेला असला की वाचलेलं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर घेऊन खाली गेलो. तळाशी ट्रान्सफॉर्मरजवळच्या रेक्टिफायर बोर्डावर (एसीचा डीसी करणारा तो) ४३ च्या जागी शून्य. पाच अँपिअरचा फ्यूज काढून तपासला तर धडधाकट. सैल झाली होती ती फ्यूज धरणारी क्लिप. वर्षानुवर्षं तापून तिची पकड गेली होती. दोन डॉलरची क्लिप बदलली. मग मुद्दाम नवा बोर्ड काढला, माझा जुना परत लावला आणि बटण दाबलं. सात. गोळी बाहेर फेकणारी कॉइल ठक्क वाजली. मी एकटाच होतो खाली, तरी टाळी वाजवली.

मेव्हणा अजूनही दर गणपतीत लोकांना सांगतो, “मी बोर्ड दिला तेव्हा दाजींचं मशीन सुरू झालं.” अरे बाबा, क्लिप होती ती!

तर तुमचं उत्तर: बोर्डाला हात लावायच्या आधी मीटर. प्रत्येक व्होल्टेज रेक्टिफायर बोर्डावर मोजा, मग तेच बोर्डावर पोचतंय का ते मोजा. या मशिनांत निम्म्याहून जास्त रोग कनेक्टरात, त्याच्या पिनांच्या तडकलेल्या डाखांत आणि फ्यूजच्या क्लिपांत असतात, असा माझा अनुभव. नवा बोर्ड बसवून रोग जात नाही, फक्त खिसा हलका होतो. फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज घालणाऱ्याला मशीनजवळ फिरकू देऊ नका.

फ्लिपर, म्हणजे बटण दाबल्यावर गोळी टोलवणारा दांडा, लुळा असेल तर कॉइलला दोष देण्याआधी तिच्याजवळचा स्विच बघा. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक जोरदार आणि एक नुसतं धरून ठेवणारी. फ्लिपर पूर्ण वर गेला की तो स्विच उघडून काम दुसरीकडे सोपवतो. उघडला नाही तर कॉइल जळते, धूर निघतो. हा स्विच कानशीने घासलेला चालतो. खेळाच्या फळीवरच्या बाकीच्या स्विचांना मात्र सोन्याचा मुलामा असतो, तिथे कानस लावलीत तर संपलं. व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून ओढायचं, बस्स.

आणि तेल घालू नका. आमचे वडील इथे सहा महिने राहायला आले होते. आम्ही कामावर गेल्यावर एका दुपारी त्यांनी प्रेमाने सगळ्या कॉइलींच्या दांड्यांना शिवणयंत्राचं तेल दिलं. ते दांडे नायलॉनच्या नळीत कोरडेच धावायचे असतात. आठवड्यात तेल आणि धूळ मिळून काळा चिकट लगदा झाला. ते परत गेल्यावर मी सगळ्या नळ्या बदलल्या. अजून फोनवर विचारतात, “मशिनीला तेल घालतोस ना रे?” मी हो म्हणतो.

एलईडीबद्दल. वरच्या डब्यात जरूर लावा. काचेवरचं चित्र आतून रंगवलेलं असतं आणि दिव्यांच्या उष्णतेने रंगाचे पोपडे सुटतात. गेलेला रंग परत येत नाही. खेळाच्या फळीवर मात्र थांबा. तिथले खेळाप्रमाणे लागणारे दिवे बोर्ड ज्या एससीआरमधून (एक प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून) पेटवतो, त्यांना चालू राहायला ठरावीक करंट लागतो. एलईडी तेवढा खातच नाही, मग तो नुसता फडफडतो. त्यासाठी रेझिस्टरवाले अ‍ॅडाप्टर मिळतात. मी तिथे ४७ नंबरचे साधे बल्ब लावलेत. ते ०.१५ अँपिअर घेतात, पूर्वीचे ४४ नंबरचे ०.२५ घ्यायचे, म्हणजे तापणंही कमी. निळे-जांभळे एलईडी लावून मांडव करायचा असेल तर तुमची मर्जी, मला बघायला बोलावू नका.

दोन गोष्टी राहिल्या. स्कोअरच्या आकड्यांना १९० व्होल्ट लागतात, तेव्हा प्लग काढल्याशिवाय डब्यात हात घालायचा नाही, आणि काढल्यावरही दोन मिनिटं थांबायचं.

दुसरी गोष्ट सांगणार नव्हतो. माझा जुना बोर्ड दोन वर्षं चालला. मग एका शनिवारी पाच लुकलुकींवर अडकला, मग तीन. बॅटरीचा क्षार बोर्डात खोलवर मुरला असेल तर वरून कितीही घासा, तो खातच राहतो. सध्या मशीनमध्ये भाऊबीजेचा बोर्ड आहे आणि तक्रार काही नाही. म्हणजे बुरशी नुसती बॅटरीच्या आजूबाजूला असेल तर वाचवा, चिपांखाली पसरली असेल तर नवा घ्या. मेव्हणा आला की मी वरच्या डब्याला कुलूप लावतो.

तुमच्या बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून कळवा.