चांगल्या डोळ्याला हात का लावायचा?

"मावशी, माझी लेक सात वर्षांची. थकली की, किंवा दूर बघत बसली की तिचा डावा डोळा तिरळा होऊन बाहेर, कानाच्या बाजूला जातो. फुटाळा तलावावर उन्हात नेलं तर तो डोळा मिटूनच घेते. धंतोलीच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन सांगितलं, रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी फक्त डाव्या. सासूबाई म्हणतात, चांगल्या डोळ्याला हात लावू देणार नाही. कोणाचं ऐकू?
– एक आई, मानेवाडा, नागपूर"

अगं पोरी, आज संध्याकाळी सासूबाईंना जवळ बसव आणि एक गोष्ट कर. लेकीला समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सांग. तिचा उजवा, म्हणजे तुमचा 'चांगला' डोळा तळहाताने क्षणभर झाक आणि हात पटकन काढ. बहुधा तोच डोळा बाहेरून आत सरकताना दिसेल. हाताआड तोही भटकला होता! तिरळेपणा जोडीचा असतो गं. बैलगाडी एका बाजूला ओढू लागली की गाडीवान दोन्ही बैलांचे कासरे बघतो, तसंच हे.

प्रत्येक डोळ्याला हलवणारे सहा स्नायू असतात. पहिल्या पद्धतीत दोन्ही डोळ्यांचा बाहेरच्या बाजूचा स्नायू सोडवून काही मिलिमीटर मागे शिवतात, म्हणजे त्याची ओढ सैल पडते. दुसरीत एकाच डोळ्याचा बाहेरचा स्नायू सैल करतात आणि नाकाकडचा थोडा कापून घट्ट करतात. बुबुळाला दोन्हींत हात लावत नाहीत.

अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांनी ३ वर्षांपासून ११ वर्षांखालच्या १९७ मुलांमध्ये या दोन पद्धतींची तुलना केली. निष्कर्ष २०१९ साली छापून आले. तीन वर्षांत निकाल मनासारखा न राहिलेली मुलं दोन्ही डोळ्यांच्या गटात ४६ टक्के, एका डोळ्याच्या गटात ३७ टक्के. फरक पद्धतीमुळेच पडला असं म्हणण्याइतका तो मोठा नव्हता. म्हणून तुझे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पण ती मुलं दूर आणि जवळ बघताना डोळा साधारण सारखाच बाहेर जाणारी होती. तुझ्या लेकीचा दूर बघतानाच जास्त जातो असं तू लिहितेस, आणि अशा वेळी पूर्वीपासून डॉक्टरांचा कल दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनकडे असतो. तेव्हा डोळा किती बाहेर जातो याचं दूरचं आणि जवळचं माप दोघांकडूनही कागदावर लिहून घे. माप दाखवून कारण समजावतील आणि लहान मुलांची अशी ऑपरेशनं नेहमी करत असतील, त्यांच्याकडे मी माझी नात नेली असती.

मला जास्त काळजी त्या आकड्यांची वाटते. काही वर्षांनी डोळा पुन्हा बाहेर जाऊ शकतो, दुसरं ऑपरेशन लागू शकतं. हे घरात आत्ताच सांगून ठेव, नाहीतर उद्या सासूबाई तुलाच बोल लावतील. चष्मा असेल तर तो सुटणार नाही. सुरुवातीला डोळा थोडा आत वळलेला दिसतो, एकाचे दोन दिसतात. पुष्कळदा डॉक्टर मुद्दामच तसं ठेवतात. घाबरू नकोस, पण तपासणीची तारीख चुकवू नकोस.

आणि लेकीला तू स्वतः सांग, शेजारच्या पोरांकडून कळायच्या आधी: भूल देतील, दुखलं तर औषध देतील, काही आठवडे डोळा लाल राहील. डोळा काढून बाहेर ठेवत नाहीत, हे तर पहिल्यांदा सांग. सात वर्षांच्या पोरीला तीच भीती असते आणि ती विचारत नाही.

तुझी मावशी