महूजवळच्या शेतावर मेंढ्या आहेत. भरड लोकर कुणीच घेत नाही. तिचं काय करता येईल?

फेकू नका, जाळू तर मुळीच नका. धुऊन विकायला गेलं तर पाण्या-मजुरीचाही खर्च निघत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग धुऊच नका. व्यापाऱ्याला कपड्याचा धागा हवा असतो, म्हणून तो भरड लोकरीला नावं ठेवतो. जमिनीला बारीक-भरड सारखंच.

कातरताना एवढंच करा: पाठीची लांब, स्वच्छ लोकर वेगळी ठेवा. घोंगडीला अशीच भरड लोकर लागते, विणणारा भेटला तर त्याला द्या. पोटाची, पायांची, शेण-गोखरू चिकटलेली सगळी बागेसाठी.

कोरड्या स्वच्छ लोकरीत साधारण १६ टक्के नत्र असतं. शेणखतात ते टक्काभरही नसतं. पण लोकर कुजते फार सावकाश, म्हणून लगेच खत म्हणून तिचा भरवसा धरू नये. आधी तिचं आच्छादन करावं. मी इंदूरला राहते, आमच्या पेरूंच्या आळ्यात हेच करते. आपली माळव्याची काळी माती एप्रिल-मेमध्ये कशी भेगाळते, तुम्हाला सांगायला नको. लोकरीखाली ती ओल धरून राहते.

कच्च्या लोकरीवर तेलकट थर असतो, पाणी वरून ओघळून जातं. म्हणून रात्रभर पिंपात दाबून भिजवा. त्या पाण्यात मेंढीच्या घामातला पालाश उतरतो. भरपूर पाणी मिसळून ते झाडांनाच घाला. मग चार बोटं जाडीचा थर पसरा, खोडापासून वीतभर जागा सोडा, वर पालापाचोळा नि थोडी माती टाका. उघडी ठेवलीत तर पक्षी आणि वारा दोघं मिळून नेतात.

उरलेली कंपोस्टात. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची जगभर गेलेली ‘इंदूर पद्धत’ १९२४ ते १९३१ या काळात आपल्याच गावी बसवली, याचा मला फार अभिमान आहे. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, मधून मधून उलटणं, आणि सुमारे ३ महिन्यांत खत. लोकर त्यात मूठमूठ, पिंजून घाला. गठ्ठा घातलात तर ढीग उलटताना फावड्याला गुंडाळते आणि आत हवा पोचत नाही. ३ महिन्यांनी न कुजलेली दिसली तर पुढच्या ढिगात टाका.

मेंढ्यांना नुकतंच गोचिडांचं औषध लावलं असेल तर ती लोकर भाजीपाल्याजवळ नको. अंगावरच्या शेणामुळे पालेभाज्यांना तर कधीच नको, फळझाडांनाच वापरा. पिंजताना नाका-तोंडाला फडकं बांधा. आणि आजाराने मेलेल्या मेंढीची लोकर कातरूच नका, तिला तशीच खोल पुरा.